चिंबोरीचे पाय कुटायचे कशाला?

भाईंदरला राहायला आलो त्या पहिल्या पावसाळ्यात मी चार चिंबोऱ्या वाया घालवल्या. फेकल्या नाहीत, खाल्ल्या. पण ज्या रश्शासाठी आणल्या होत्या तो काही झाला नाही. मी मूळचा घाटावरचा, मटणाचं अळणी आणि पायाचं सूप यांवर वाढलेला. आमच्याकडे रस्सा दाट हवा असेल तर उपाय ठरलेला: पातेलं मंद आचेवर ठेवायचं आणि गप्पा मारत बसायचं. चिंबोऱ्यांनाही मी तोच न्याय लावला. दोन तासांनी झाकण काढलं तर पाणी ते पाणीच, मांसाचा भिजल्या कापसासारखा लगदा, आणि घरभर वास. समोरच्या बिऱ्हाडाने दार लावून घेतलं होतं.

पुढच्या रविवारी बाजारात चिंबोऱ्या विकणाऱ्या मावशींना हे सांगितलं. त्या हसल्या. "दोन तास? दादा, मटण हाय का ता?" मग चिंबोऱ्या साफ करताना त्यांनी मोठे डेंगे एका बाजूला ठेवले आणि बारके पाय मोडायला घेतले, तसा मी म्हणालो, "ते राहू द्या, त्यात काय असतं?" त्यांचा हात थांबला. "पाय कनाला टाकतंस? रस्सा तर पायांचाच." कनाला म्हणजे कशाला. पाय कच्चेच कुटायचे, पाण्यात कालवायचे, गाळायचे आणि ते पाणी रश्शात सोडायचं, एवढं सांगून त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

तसं केलं आणि रस्सा जमला. दाट, तांबूस, किंचित गोडसर, वाडग्यात नुसता ओतून सुपासारखा प्यावा असा. का जमला हे मात्र मावशींनी सांगितलं नव्हतं. ते शोधता शोधता हा लेख झाला.

हाड वेगळं, कवच वेगळं

बकऱ्याचे पाय तास न् तास उकळले की सूप चिकट होतं, थंड झाल्यावर तर थिजतंच. ही करामत कोलॅजेनची. हाडांना, स्नायूंना, कातडीला एकत्र बांधून ठेवणारं हे प्रथिन म्हणजे तीन धाग्यांचा पीळ घातलेली सुतळी समजा. गरम पाण्यात बराच वेळ राहिली की सुतळीचा पीळ सुटतो, धागे मोकळे होतात, पाण्यात पसरतात. त्या मोकळ्या धाग्यांचं नाव जिलेटिन. पायाला वेळ लागतो तो हा पीळ सुटायला.

चिंबोरीला हाडं नाहीत. तिचा सांगाडा अंगाबाहेर आहे, आणि तो कोलॅजेनचा नाही. कवच मुख्यतः तीन गोष्टींचं असतं: कायटिन नावाचा चिवट धागेदार पदार्थ, त्यात गुंतलेली प्रथिनं, आणि या जाळीत भरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कुडाच्या भिंतीसारखीच रचना. कारव्या म्हणजे कायटिन, लिंपण म्हणजे चुना. झुरळाच्या पाठीतही कायटिनच असतं (जेवताना आठवू नये). कायटिन पाण्यात विरघळत नाही. दोन तास उकळा नाहीतर दोन दिवस, त्याचं जिलेटिन होणार नाही. उलट आतलं नाजूक मांस आकसतं, त्यातलं पाणी पिळून निघतं, सुवास वाफेबरोबर खिडकीतून जातो. मागे राहतो तो खडूसारखा, किंचित कडवट स्वाद.

म्हणून कवचाचं अळणी काढायला वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. वेळ वाढवून मिळणारं काही त्यात नाही. मग दाटपणा येणार कुठून? तो पायांतून. पण पायांकडे जाण्याआधी चवीचं बघू, कारण त्याची गोष्ट खाडीतच सुरू होते.

खाऱ्या पाण्यातलं गोड मांस

भाईंदर स्टेशनावरून उत्तनची बस पकडली की राई, मुर्धे, मोर्वे अशी गावं मागे पडतात आणि अधूनमधून तिवरं आणि खाजण दिसत राहतं. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. या भागाची मिठागरं जुनी. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हाने आटवायचं, मीठ ओढायचं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून हा धंदा होऊ शकतो. आता प्रश्न असा: असल्या खारट पाण्यात जन्म काढणाऱ्या चिंबोरीचं, तिसरीचं, कोळंबीचं मांस गोड कसं लागतं?

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात तळाशी पाणी जमतं. पाणी नेहमी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे ओढलं जातं. समुद्रातल्या प्राण्याची प्रत्येक पेशी या अर्थाने मिठात घातलेली कैरीची फोड आहे. बाहेरच्या खारटपणाला तोडीस तोड असं काहीतरी आत विरघळवून ठेवलं नाही तर तिच्यातलं पाणी बाहेर जाईल आणि ती सुकेल. पेशीत नुसतं मीठ भरून चालत नाही, तिचं कामकाज बिघडतं. शिंपले आणि खेकड्यांच्या जातीने यावर काढलेला तोडगा आपल्या जिभेच्या फायद्याचा ठरला. ते पेशींमध्ये सुटी अमिनो आम्लं साठवतात. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या माळेतले मणी. माळेत ओवलेल्या मण्यांना फारशी चव नसते, सुट्या मण्यांना असते. साठ्यात भरपूर असतं ते ग्लायसिन, आणि त्याचं नावच मुळी ग्रीक भाषेतल्या 'गोड' या शब्दावरून पडलंय. जोडीला अ‍ॅलनिन, तेही गोडसर. ग्लुटामेट असतं, त्याच्याकडे पुढे येऊ.

म्हणजे बाहेर जितकं खारं, आत तितकं गोड. एकदा हे कळलं की कोळीवाड्यात कोणीही सांगेल अशी एक गोष्ट आपोआप उलगडते: भर पावसातल्या तिसऱ्या फिक्या लागतात. उल्हास नदीचं पावसाचं लोंढेच्या लोंढे पाणी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतं. खाडीचा खारेपणा उतरतो. तिसऱ्यांना आता आत एवढा साठा ठेवायची गरज उरत नाही, ठेवला तर उलट बाहेरचं गोडं पाणी आत शिरून पेशी फुगतील. म्हणून त्या अमिनो आम्लं कमी करतात आणि चव पातळ होते. चिंबोरीवर याचा परिणाम कमी, कारण ती कल्ल्यांच्या मदतीने रक्तातले क्षार बऱ्यापैकी सांभाळते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, तेव्हा बाजारात खाडीची चिंबोरी भाव खाऊन असते. ती बंदीमुळे मिळते म्हणून घ्यावी लागते असं नाही, त्या दिवसांत ती खरोखरच तिसरीपेक्षा चवीला सरस असते.

टाळी दोन हातांची

टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्रशेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला नाव दिलं 'उमामी'. मराठीत याला एक शब्द नाही. मटणाचं अळणी प्यायल्यावर जिभेवर बराच वेळ रेंगाळतं, तोंडाला पाणी सुटत राहतं, ती ही चव.

गंमत अशी की एकटं ग्लुटामेट फार बोलत नाही. त्याला जोडीदार लागतो. प्रत्येक सजीव पेशीत ऊर्जेची देवाणघेवाण एटीपी नावाच्या रेणूतून चालते. पेशीतली ती नोट म्हणा. प्राणी मेला की या नोटा मोडत जातात. माशात त्यांची जी चिल्लर साठते ती वेगळी, खेकड्या-शिंपल्यांत मुख्यतः एएमपी नावाची साठते. ग्लुटामेट आणि असली चिल्लर एकत्र आली की उमामी दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त जाणवते. टाळी एका हाताने वाजत नाही, तसं. जपानी संशोधकांनी उकडलेल्या खेकड्याच्या अर्काची हुबेहूब नक्कल प्रयोगशाळेत बनवली आणि त्यातला एकेक घटक वगळून पुन्हा पुन्हा चाखून पाहिलं. शेवटी उरली ती छोटी यादी: ग्लायसिन, अ‍ॅलनिन, अर्जिनिन, ग्लुटामेट, एएमपीसारखे एक-दोन रेणू आणि चक्क साधे क्षार. सोडियम काढलं की खेकडेपणाच हरवायचा. म्हणून मीठ कमी पडलेला चिंबोरीचा रस्सा नुसता अळणी लागत नाही, चिंबोरीचाच लागत नाही.

या जोडीला बाहेरून मदत करता येते. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर. मी शिवाय मूठभर सुका जवळा कोरडा भाजून अळणीत टाकतो. जवळा नंतर गाळून जातो, त्याचं सांगणं मात्र रश्शात राहतं. कोळी स्वयंपाकात हे चालेल की नाही मला ठाऊक नाही. मावशींनी नाक मुरडलं होतं.

निळं-काळं तांबडं होतं ते

खाडीची चिंबोरी हिरवट काळी. पातेल्यात गेली की दोन मिनिटांत केशरी. हा रंग बाहेरून येत नाही, आधीपासून तिच्यातच असतो, फक्त बांधलेला. अ‍ॅस्टाझँथिन हे त्या तांबड्या रंगद्रव्याचं नाव. कवचातलं एक प्रथिन त्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरतं, आणि त्या आवळण्यात रेणूचा आकार बदलल्यामुळे तो निळा-करडा दिसतो. प्रथिन त्याला नेमकं कसं धरून असतं याचं चित्र २००२ मध्ये लॉबस्टरच्या कवचावरच्या अभ्यासातून पुढे आलं. उष्णतेने प्रथिनाची पकड सुटते, रंगद्रव्य मोकळं होतं आणि मूळ रंगावर येतं. रंगाला उष्णतेने काही होत नाही, प्रथिन तेवढं मोडतं. हेच रंगद्रव्य गाजराच्या केशरी रंगाच्या कुळातलं. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगही याच कुळातल्या, खाण्यातून मिळणाऱ्या रंगद्रव्यांचा.

स्वयंपाकाला उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे: हा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. पाण्यात नुसतं उकळलेलं कवच स्वतः लाल होतं, पाणी मळकटच राहतं. माझ्या पहिल्या रश्शाचं हेच झालं होतं. पाठीचं कवच आधी तेलात परतलं की पाच मिनिटांत तेल भगव्या रंगाचं होतं, आणि ते तेल पुढे सगळा रस्सा रंगवतं.

परतण्याचा दुसरा फायदा वासाचा. उकडलेले शेंगदाणे आणि भाजलेले शेंगदाणे आठवा. दाणे तेच, वास किती वेगळा! पाणी उकळतं शंभर अंशांना. पातेल्यात पाणी आहे तोवर त्यावर तापमान जात नाही. अमिनो आम्लं आणि शर्करा यांची खमंग वास निर्माण करणारी जुळणी जोरात होते ती त्याच्या बऱ्याच वर, तापल्या तेलात किंवा तव्यावर. चिंबोरीकडे अमिनो आम्लांचा साठा आहेच. म्हणून आधी तेल, मग पाणी. फ्रान्समधल्या बिस्क नावाच्या सुपातही कवचं आधी परततात, मग त्यांचा अर्क काढतात, आणि जुन्या पद्धतीत त्याला दाटपणा देतात तांदळाने. आपल्या पेजेचीच सोय.

पायांचा खरवस

आता मावशींच्या पायांकडे. चिंबोरीच्या बारक्या पायांत मांस असतं, पण सुतासारखं बारीक. ते कोरून खायला जन्म पुरायचा नाही. कुटल्यावर मात्र नळ्या फुटतात, पेशी चिरडतात, आणि आतली विरघळणारी प्रथिनं, अमिनो आम्लं, क्षार सगळं पाण्यात येतं. अख्खा गरम मसाला आणि कुटलेला गरम मसाला यांत जो फरक, तोच. गाळून घेतलेलं हे पाणी करड्या रंगाचं, दुधाळ, दिसायला अजिबात चांगलं नसतं. पहिल्यांदा बघणारा ते मोरीत ओतेल.

ते तापवा, आणि बघा. साठ-सत्तर अंशांच्या आसपास पाण्यात तरंगणारी प्रथिनं आपली घडी मोडून एकमेकांना धरतात, त्यांचं जाळं होतं, जाळ्यात पाणी अडकतं. चिकाचं दूध तापवल्यावर खरवस धरतो, तो याच कारणाने. चिंबोरीच्या पाण्याचाही खरवसच धरतो. न ढवळता मंद तापवलं तर वर मऊ गोळा येतो. जपानमध्ये नदीतले खेकडे कवचासकट कुटून, गाळून असाच गोळा तरंगवलेलं सूप करतात. सतत ढवळत राहिलं तर गोळा न होता बारीक कण सगळीकडे पसरतात आणि रस्सा दाट होतो. आपल्याला हे दुसरं हवं.

"कच्चेच कुटायचे" या अटीचा उलगडाही इथेच होतो. खरवसाचं पुन्हा दूध करता येत नाही. पाय एकदा उकडले की प्रथिनं जागच्या जागी थिजतात, मग कितीही कुटा, पाण्यात काही उतरत नाही. चोथा तेवढा वाढतो.

एक सावधगिरी. हे पाणी रटरटत्या रश्शात एकदम ओतलं तर प्रथिनं घाईने गोळा होऊन रस्सा फाटल्यासारखा दिसतो. चव तीच, पण रूप गेलं. आच कमी करून, आधी पळीभर गरम रस्सा त्या पाण्यात मिसळून, मग धार धरून ढवळत सोडायचं. खोबऱ्या-कांद्याचं वाटण आधी घातलेलं असेल तर काम आणखी सोपं होतं. वाटणातले बारीक कण आणि तेलाचे थेंब प्रथिनांच्या मधे मधे येतात, त्यांना गठ्ठा करू देत नाहीत. आंबट मात्र अगदी शेवटी. चिंच, कोकम, लिंबू यांनी प्रथिनं लवकर फाटतात. शेवटी घातलेलं आंबट आणखी एक काम करतं: माशा-खेकड्याला थोडा उशीर झाला की जो उग्र वास येतो तो अमीन जातीच्या रेणूंचा, आणि आम्लाशी गाठ पडली की ते उडेनासे होतात. उडत नाहीत म्हणजे नाकापर्यंत पोहोचत नाहीत. ताजी चिंबोरी असेल तर या कामाची गरज पडू नये.

तिसऱ्या तोंड का उघडतात

माझ्या पातेल्यात चिंबोरीबरोबर वाटाभर तिसऱ्याही असतात. तिसरीच्या दोन शिंपा मागच्या बाजूने एका लवचीक पट्टीने जोडलेल्या असतात. ही पट्टी कपड्यांच्या चिमट्यातल्या स्प्रिंगच्या उलट वागते: ती शिंपा सतत उघडू पाहते. बंद ठेवण्याची मेहनत करतात आतले स्नायू. म्हणजे तिसरीला तोंड उघडायला नाही, मिटायला ताकद लागते. गरम झाल्यावर स्नायू शिजतात, पकड सुटते, आणि पट्टी दार उघडते. यातूनच बाजारातली परीक्षा निघते. कच्ची असताना जी तिसरी उघडी आहे आणि टिचकी मारली तरी मिटत नाही, तिच्यात मिटायची ताकद उरलेली नाही, ती मेलेली. ती टाका. शिजून जी उघडत नाही तीही ताटात नको.

टोपलीत तोंड मिटून बसलेली तिसरी एक प्रकारे श्वास रोखून असते. प्राणवायूशिवाय दिवस काढताना तिच्या अंगात सक्सिनिक आम्ल साठतं. शिंपल्यांच्या पाण्याला जी खास चुणचुणीत चव असते तिच्यात या आम्लाचा मोठा वाटा.

रेती काढायला तिसऱ्या साध्या पाण्यात ठेवतात ती चूक. गोडं पाणी लागलं की त्या तोंड घट्ट मिटतात आणि रेती आतच राहते. लिटरभर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम मीठ, म्हणजे दोन मोठे चमचे घालून, अंधारात तासभर ठेवलं की त्या बिनधास्त नळ्या बाहेर काढतात आणि रेती थुंकतात. शिंपेतलं पाणी खारट असतं, त्यामुळे रश्शाला मीठ तिसऱ्या उघडल्यानंतरच.

तिसऱ्यांची एकशिपी करणाऱ्यांना त्या कच्च्या उघडाव्या लागतात, ते विळीवरचं काम वेगळंच कौशल्याचं आहे. सुपाला ती कटकट नाही.

हातात तोलून घ्या

चिंबोरी वाढते ती कात टाकून. जुनं कवच सोडते, मऊ नव्या कवचात पाणी भरून स्वतःला फुगवते आणि कवच कडक झालं की हळूहळू त्या जागेत मांस भरते. या मधल्या काळात ती दिसायला मोठी, आत पोकळ. अमावास्येला भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ असं बाजारात सगळेच म्हणतात. मी कॅलेंडर बघत नाही, हातात तोलतो. आकाराच्या मानाने जड लागली, पोटाकडचं कवच अंगठ्याने दाबलं तरी दबलं नाही, तर ती घ्यायची. पोटावरची झडप निमुळती असेल तर नर, रुंद गोलसर असेल तर मादी. मांसासाठी नर, केशरी लाखेसाठी, म्हणजे अंड्यांसाठी, मादी.

जिवंतच का घ्यायची? चिंबोरीच्या पाठीखाली जो पिवळा मऊ भाग असतो तो म्हणजे तिचं यकृत आणि पाचक ग्रंथी एकत्र. जीव गेला की तिथले पाचक रस बाहेर पडून तिचंच मांस पचवायला लागतात. काही तासांत मांस लिबलिबीत होतं, जंतूही हात धुवून घेतात. घरी साफ करणार असाल तर आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवा, ती बधिर होते. सरळ उकळत्या पाण्यात टाकली तर संकटात सापडलेली चिंबोरी स्वतःचे पाय सोडून देते. शत्रूच्या तोंडी पाय देऊन निसटण्याची ही तिची जुनी युक्ती. पातेल्यात तिचा उपयोग कोणालाच नाही.

चौकट: चार वाडग्यांसाठी माझा क्रम

मध्यम चार चिंबोऱ्या, वाटाभर तिसऱ्या, सव्वा लिटर पाणी.

बारके पाय कच्चेच दीड वाटी पाण्यात मिक्सरला फिरवून कपड्यातून गाळायचे. साधी गाळणी नको, कवचाचे कण घशाला लागतात. पाणी फ्रीजमध्ये.

पाठीची कवचं, ठेचलेला लसूण, एक कांदा तेलात खमंग परतायचं. तेल भगवं झालं की एक टोमॅटो, हळद आणि मसाला. आगरी-कोळी मसाला चालतो. उत्तन-डोंगरीकडच्या ईस्ट इंडियन घरातून बाटलीमसाला मिळाला तर माझी पसंती त्याला. मसालाही तेलातच परतायचा.

पाणी आणि भाजलेला जवळा घालून वीस मिनिटं उकळी, मग गाळायचं. हे चिंबोरीचं अळणी.

गाळलेल्या अळणीत भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं दोन चमचे वाटण आणि एक चमचा तांदळाचं पीठ पाण्यात कालवून. उकळी आली की डेंगे ठेचून आणि धडाचे तुकडे, दहा मिनिटं. मग तिसऱ्या. त्या उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटं.

आच कमी करून पायांचं पाणी ढवळत सोडायचं, एक हलकी उकळी. मीठ, दोन आमसुलं, कोथिंबीर.

दोन गोष्टी जपून

तिसऱ्या पाणी गाळून त्यातले बारीक जीव खातात. पाण्यात जे असेल ते त्यांच्यात साठतं: मैल्याचे जंतू, कारखान्यांतले जड धातू. उल्हासच्या खोऱ्यात अंबरनाथपासून किती शहरं आणि कारखाने आहेत हे सांगायला नको. त्यामुळे नाल्याच्या तोंडाशी हौसेने गोळा केलेल्या तिसऱ्या घरी आणू नका, आणि शिंपा उघडल्या की लगेच गॅस बंद करू नका. पूर्ण शिजवल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. चिंबोरीचं ते पिवळंही याच कारणाने मी रोजचं खाणं करत नाही. वर्षातून दोन-तीनदा, ओळखीच्या मावशींकडचं. समुद्रातल्या काही सूक्ष्म शेवाळांचं विष शिंपल्यांत साठलं तर तेही उकळून जात नाही. केरळात विळिंजमला १९९७ मध्ये अशा शिंपल्यांनी माणसं दगावली होती. खाल्ल्यावर ओठ, जीभ, बोटं बधिर वाटू लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट अ‍ॅलर्जीची. खेकडा-कोळंबीची अ‍ॅलर्जी बहुतेकांना ट्रोपोमायोसिन या स्नायूंमधल्या प्रथिनाची असते. चिंबोरीची बरीच प्रथिनं तापल्यावर मोडतात, हे मात्र उष्णतेला दाद देत नाही. "नीट शिजवलंय, थोडं खाऊन बघ" असा आग्रह पाहुण्याला करू नये. नुसत्या वाफेनेही काहींना त्रास होतो.

राहता राहिला कपड्यातला चोथा आणि परतलेली कवचं. कायटिन आणि चुना, दोन्ही मातीत हळूहळू जिरतात. मी ते गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत घालतो. वर चांगली चार बोटं माती लोटावी लागते, नाहीतर रात्रीत मांजरं कुंडी उपसून काढतात, आणि सकाळी सोसायटीच्या वॉचमनला चिंबोरीचे पाय कनाला कुटले ते समजावून सांगावं लागतं.